सर्व्हिसिंगनंतर बोटीच्या इंजिनाचा काटा बिघडला, तर कुठून सुरुवात करायची

मे संपत आला की उद्यमनगरात आमच्या शेडसमोर ट्रेलरवरच्या बोटी येऊन लागतात. कोल्हापूरला समुद्र नाही, घाट उतरल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. तरी इथं बोटीचं इंजिन ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आंबेवाडी, प्रयाग चिखलीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत माणसं बोटीतून काढावी लागली. अशा वेळी बोट चालवणाऱ्याला इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे सांगणारे समोरचे दोन-चार काटेच असतात. ते खरं बोलतायत की नाही, हे पावसाआधीच ठरलेलं असलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी राधानगरीच्या बाजूला चालणाऱ्या एका डिझेल लाँचच्या मालकाचा फोन आला.

"दादा, ऑइलचा काटा उठंना झालाय. काल सर्व्हिसिंग केली, तवापासनं. नवीन मीटर घेऊन येऊ का?"

"मीटर ऱ्हाऊ दे. इंजिन बंद केलंयस का आधी?"

"न्हाई, चालूच हाय. आवाज चांगला येतोय की."

आवाज चांगला येतोय म्हणून इंजिन चालू ठेवणं, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक. बेअरिंगमध्ये तेल पोचत नसेल, तर सुरुवातीला आवाजात काहीच फरक पडत नाही. फरक ऐकू येतो तेव्हा क्रँक उतरवायची वेळ आलेली असते. म्हणून या लेखातला क्रम उलटा करू नका: आधी इंजिन, मग वायर, मग सेंडर (इंजिनात किंवा टाकीत बसलेला, दाब, तापमान किंवा पातळी मोजून वायरीने कळवणारा भाग) आणि सगळ्यात शेवटी गेज, म्हणजे समोरचं काट्याचं मीटर. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात, कारण गेज विकत मिळतं आणि पेचकसाने बसतं.

इंजिन बंद करा आणि काटा खरा धरून चला

ऑइलचा किंवा तापमानाचा काटा काही वेगळं दाखवत असेल, तर तो खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत खराच समजायचा. ऑइल बदलल्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की नवा फिल्टर भरेपर्यंत काटा काही सेकंद शून्यावर राहतो, ते ठीक आहे. दहा सेकंदांत उठला नाही तर चावी बंद. फिल्टर उभा बसत असेल तर तो बसवण्याआधी त्यात तेल भरून घ्यावं, म्हणजे हे सेकंदही वाचतात.

मग डिपस्टिक बघा. तेल कमी आहे का, जास्त आहे का, फेस आहे का, दुधासारखं पांढरट झालंय का. बोटीच्या तळात टॉर्च मारा. नव्या फिल्टरच्या खाली जुन्या फिल्टरचं रबर गॅस्केट ब्लॉकलाच चिकटून राहिलेलं असतं आणि त्याच्यावर नवं बसतं. दोन गॅस्केट एकावर एक आले की दाब चढताच तेल बाहेर पिचकतं. गाडीखाली जमिनीवर डाग तरी दिसतो, बोटीत ते सगळं तळात जाऊन बसतं आणि कुणाला कळत नाही.

खात्रीच करायची असेल तर ऑइल सेंडर काढून त्याच्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावा, म्हणजे नळीने थेट दाब दाखवणारं. वायर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे त्याला खोटं बोलायला जागाच नाही. इंजिन गरम झाल्यावर संथ चालीला साधारण एक बारच्या आसपास आणि कामाच्या वेगाला तीन-चार बार दाब मिळाला, तर बहुतेक लहान डिझेल इंजिनांची तब्येत ठीक समजावी. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतो, तोच प्रमाण.

तापमानाचंही तसंच. पुस्तकातला आकडा आणि काटा यांच्यात वाद असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून बघा. चकाकत्या धातूवर हे थर्मामीटर कमी दाखवतं, म्हणून तिथं काळ्या मार्करने रुपयाएवढा ठिपका काढून त्यावर रोखायचं. ओबीएम (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) असेल तर मागून येणारी पाण्याची धार बघा. धार बारीक किंवा बंद असेल तर काट्याकडे बघत बसू नका, इंजिन बंद करा. आणि ओबीएम कोरडं कधीही चालवू नका, "नुसतं अर्धा मिनिट बघतो" असं म्हणूनसुद्धा नाही. थंड करणारं पाणी ओढणारा रबरी इंपेलर (पाकळ्यांचं चाक) पाण्याच्याच वंगणावर फिरतो, कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याच्या पाकळ्या जळायला लागतात. शेडमध्ये तपासायचं तर गिअरकेस (ओबीएमचा पंख्याजवळचा खालचा भाग) पाण्याच्या पिंपात बुडवून किंवा पाण्याच्या मफ (पाणी ओढायच्या छिद्रांवर नळाचं पाणी देणारे रबरी कप) लावून.

कशाकशाला हात लागला होता?

इंजिन सुरक्षित आहे हे कळलं की वही घ्या आणि सर्व्हिसिंग ज्याने केली त्याला शेजारी बसवा. काल काय काय सोडलं, काय बदललं, कुठे पाना लावताना हात अडकला, कुठे उभं राहायला पाय दिला, सगळं लिहून काढा. रागवायचं नाही, नाहीतर पोरगा अर्धं सांगतो आणि अर्धं गिळतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बोटींचा दोष या यादीतच सापडलेला आहे, मल्टिमीटर पिशवीतून बाहेर काढायच्या आधी. काल बरोबर चालणारा काटा आज बिघडला आणि मध्ये फक्त सर्व्हिसिंग झाली, तर दोष बहुधा कालच्या हाताच्या आसपासच असतो.

बॅटरी काढली होती? मग निगेटिव्हच्या पोलवर आधी किती वायरी होत्या ते विचारा. जाड केबलबरोबर एक-दोन बारीक काळ्या वायरी असतात. त्या बाजूला लोंबत राहतात आणि जाड केबल बसली की इंजिन सुरू होतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. फिल्टर बदलला? त्याच्या शेजारीच ऑइल सेंडर असतो, फिल्टरच्या पान्याचा धक्का त्याच्या वायरला बसतो. इंपेलर बदलला? ओबीएमची गिअरकेस उतरवली असणार. कूलंट बदललं? मग आत हवा अडकली असेल. इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं? तर कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीच्या डबीत) पाणी गेलं असेल, तेही वहीत लिहा.

एक काटा की सगळे?

चावी चालू करा, इंजिन बंदच असू दे, आणि सगळे काटे एकदम बघा. काही गेजचा काटा चावी बंद केल्यावर आहे तिथंच राहतो, त्यामुळे चावी बंद असतानाचं दाखवणं धरू नका.

सगळेच काटे मेलेले असतील, किंवा सगळेच वेड्यासारखं करत असतील, तर सेंडर एकाच दिवशी चार बिघडत नाहीत. तिथं वीज येत नाहीये किंवा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी विजेची वाट) तुटलाय. दिवे लावले की इंधनाचा काटा हलतो, हॉर्न दाबला की तापमान चढतं, असं काही दिसलं तर अर्थच खराब आहे असं धरून चला.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. बॅटरीच्या दोन पोलांवर आधी मोजा. निवांत पडलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग गेजच्या मागे जा. तिथं तीन खुंट्या असतात: 'आय' म्हणजे चावीतून येणारी वीज, 'जी' म्हणजे अर्थ आणि 'एस' म्हणजे सेंडरकडे जाणारी वायर. अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये 'आय'ला जांभळी आणि 'जी'ला काळी वायर असते. सेंडरच्या वायरीत ऑइलला फिकट निळी, तापमानाला तपकिरी-बदामी, इंधनाला गुलाबी आणि आरपीएमला राखाडी. पण मधे कुणी जोड मारला असेल तर रंगावर विसंबू नका. इथल्या बोटींत लाल वायरच्या जागी घरातली पिवळी वायर मी पाहिली आहे.

'आय' आणि 'जी'मध्ये बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. येत नसेल तर काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेऊन 'आय' पुन्हा मोजा. आता पूर्ण आलं तर अर्थ गेलेला आहे. तरीही नाही आलं तर फ्यूज, चावी आणि मधला कपलर बघा.

अर्थ किती चांगला आहे हे मोजायची खरी रीत वेगळी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. चावी चालू ठेवून, दिवे लावून, मीटरचं एक टोक गेजच्या 'जी'वर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर ठेवा. दोन्ही ठिकाणं अर्थच आहेत, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य पाहिजे. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर मधे कुठंतरी थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) ढिला आहे किंवा तांब्यावर हिरवट कळंक चढलाय. नुसता ओम (विजेच्या वाटेतला रोध) मोजून हे कळत नाही, कारण एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा ओममीटरला शून्य दाखवते आणि भार पडला की मान टाकते. सांधा सोडा, पॉलिशपेपरने दोन्ही बाजू चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस लावा. इतकंच काम आणि बोटीतले सगळे काटे जागेवर येतात.

बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो. पेट्रोल इंजिन असेल तर त्याच्या आधी आणखी एक काम: झाकणं उघडून वारा जाऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते आणि वायरची एक ठिणगी तिला पुरते.

एकच काटा बिघडलाय: वायर काढून बघा

आता त्या एका गेजच्या मागची 'एस' वायर काढा, चावी चालू ठेवा आणि काटा कुठं जातो ते बघा. मग एका तुकड्या वायरने 'एस' खुंटी क्षणभर 'जी'ला जोडा आणि पुन्हा बघा. काटा या दोन वेळी दोन टोकांना गेला, तर गेज जिवंत आहे आणि दोष वायरीत किंवा सेंडरमध्ये आहे. काटा हललाच नाही आणि 'आय'-'जी'वर वीज नीट आहे, तर गेज गेलं. 'एस'ला बॅटरीची १२ व्होल्ट वीज मात्र कधीही देऊ नका.

कोणत्या वेळी कोणत्या टोकाला जायचं, यात एक मेख आहे, आणि ती न कळल्यामुळे चांगली गेज भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. बाजारात दोन घराणी आहेत. अमेरिकन घराण्यात ऑइलचा सेंडर दाब नसताना साधारण २४० ओम आणि पूर्ण दाबाला ३३ ओम दाखवतो. इंधनातही तसंच, रिकामी टाकी २४० आणि भरलेली ३३. युरोपियन घराण्यात बरोबर उलटं: शून्याला १० ओम आणि पूर्णला १८० च्या आसपास. म्हणजे वायर तुटली की अमेरिकन गेज शून्य दाखवतं आणि युरोपियन गेज पूर्ण.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अमेरिकन गेजमध्ये जोड ढिला झाला तर काटा खाली पडतो, तुम्ही घाबरता, इंजिन बंद करता, नुकसान होत नाही. युरोपियन गेजमध्ये तोच जोड ढिला झाला तर ऑइलचा दाब भरपूर आणि टाकी काठोकाठ दिसते. टाकी भरलेली दिसली म्हणून पुराच्या पाण्यात बोट घातली आणि मधे इंजिन बंद पडलं, तर काय होईल ते लिहायची गरज नाही. तापमानाच्या बाबतीत दोन्ही घराणी सारखी: वायर तुटली की काटा थंड, अर्थला टेकली की काटा पूर्ण गरम. म्हणून सर्व्हिसिंगनंतर तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली दिसला, तर "इंजिन बरं थंड चाललंय" म्हणून खूश होऊ नका.

त्याच कारणाने, गेज एका घराण्याचं आणि सेंडर दुसऱ्याचं असेल तर काटा जन्मात खरं बोलणार नाही. सर्व्हिसिंगमध्ये गळका सेंडर बदलला असेल तर जुना शोधून काढा आणि दोन्हीचे ओम मोजून ताडून बघा.

आमच्या पेटीत १०० ओम, एक वॅटचा एक रेझिस्टर दोन चिमटे लावून ठेवलेला असतो. सेंडरच्या जागी तो लावला, म्हणजे सेंडरची वायर काढून तिच्या आणि अर्थच्या मधे जोडला, की इंधनाचा किंवा ऑइलचा काटा जवळपास मध्यावर यायला हवा. हे एका रुपयाचं काम गेज आणि पूर्ण वायर दोन्ही एकदम तपासतं. आधी गेजजवळ लावा, मग इंजिनजवळ. गेजजवळ मध्यावर येतो आणि इंजिनजवळ येत नाही, तर दोष मधल्या वायरीत आहे. पेट्रोलच्या टाकीवर मात्र हा प्रयोग टाकीपाशी करायचा नाही, गेजच्या बाजूनेच करायचा.

सेंडर, आणि पांढरी टेप

आता त्या लाँचकडे परत. गेज चांगलं निघालं, १०० ओमवर काटा इंजिनापासूनही मध्यावर आला. मेकॅनिकल गेजवर दाब साडेतीन बार. म्हणजे इंजिन ठीक, वायर ठीक, गेज ठीक. उरला सेंडर, आणि तो तर जुनाच होता, फक्त गळतो म्हणून काढून पुन्हा आवळलेला.

मीटरचं एक टोक सेंडरच्या अंगावर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर ठेवलं. शून्य ओम यायला हवा होता, पण आकडा एका जागी ठरेना. सेंडर सोडून हातात घेतला. पितळी आट्यांवर नळाची पांढरी टेफ्लॉन टेप, मोजून सात वेढे, इतकी दाबून बसवलेली की आटे दिसतच नव्हते. वर ज्या खोबणीत सेंडर बसतो तिथं ब्लॉकला ताजा निळा रंग.

एका वायरीच्या सेंडरचा अर्थ त्याच्या अंगातून, आट्यांमधून ब्लॉकला जातो. टेफ्लॉन वीज वाहू देत नाही. आटे टेपला फाडून धातूला टेकले तर नशीब, नाही टेकले तर वाटेत रोध वाढतो, आणि अमेरिकन ऑइल गेजला रोध वाढला म्हणजे दाब कमी झाला असंच वाटतं. ज्याने टेप लावली त्याने गळती थांबावी म्हणून प्रामाणिकपणे लावली होती. प्लंबिंगमध्ये ते बरोबरच आहे.

टेप खरवडून काढली, आटे तारेच्या ब्रशने साफ केले, खोबणीतला रंग पॉलिशपेपरने घासला. मधल्या दोन-तीन आट्यांना पातळ थर लिक्विड सीलंट लावून, पुढचे आटे कोरडे ठेवून सेंडर बसवला. हे आटे निमुळते असतात, ते स्वतःच घट्ट होतात, जोर लावून सेंडर पिळू नका. अंगाचा ओम पुन्हा मोजला, शून्य. इंजिन सुरू केलं आणि चौथ्या सेकंदाला काटा उठला. मालक काही बोलला नाही, त्याने फक्त पिशवीतून आणलेलं नवं गेज परत पिशवीत ठेवलं.

सीलंट पुसून पुन्हा बसवायला जागा नसेल तर दुसरा उपाय आहे: सेंडरच्या षटकोनी अंगावर होज क्लिप आवळून त्याखाली एक अर्थ वायर दाबा आणि ती ब्लॉकवरच्या स्वच्छ बोल्टला न्या.

सेंडरच्या डोक्यावर दोन खुंट्या असतील तर आणखी एक ठरलेली चूक होते. काही सेंडरमध्ये एक खुंटी गेजसाठी असते, तिच्यावर 'जी' लिहिलेलं असतं, आणि दुसरी धोक्याच्या दिव्यासाठी, तिच्यावर 'डब्ल्यूके'. इथला 'जी' म्हणजे गेज, अर्थ नव्हे. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर काटा एका टोकाला चिकटतो आणि दिवा मंद लागून राहतो. काही सेंडरमध्ये मात्र दुसरी खुंटी खरोखरच अर्थची असते. म्हणून सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि फोटो काढला नसेल तर त्यावर कोरलेली अक्षरं वाचा.

तापमानाचा काटा

कूलंट बदलल्यानंतर काटा उड्या मारत असेल, मधेच खाली पडून पुन्हा वर जात असेल, तर बहुधा आत हवेचा फुगा आहे. सेंडरचं टोक पाण्यात असेल तोवर खरं सांगतं, हवेत आलं की काहीही सांगतं. थंड इंजिनावर हवा काढायचा स्क्रू सोडून कूलंट भरा, नुसता थेंब नव्हे तर सलग धार येईपर्यंत. इंजिन चालवून पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा पातळी बघा. गरम रेडिएटर कॅप उघडू नका.

काटा खरोखर वर चढत असेल तर पाणी येण्याच्या वाटेवर चाला. तळाचा पाण्याचा कॉक सर्व्हिसिंगसाठी बंद केला होता, तो उघडलाय का? गाळणीच्या झाकणाची रबर रिंग नीट बसली का, की तिथून हवा ओढतोय? रंकाळा असो की पंचगंगा, आपल्याकडे जलपर्णी आणि प्लास्टिकची पिशवी दोन्ही पाणी ओढायच्या तोंडावर जाऊन बसतात, तिथं हात घालून बघा. जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाचं कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला आहे, आणि नवा इंपेलर त्याला ढकलून आणखी घट्ट बसवतो. तुकडा मिळेपर्यंत शोधा.

सेंडर तपासायचा तर पातेल्यात पाणी तापवून त्यात टोक बुडवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि ओम बघा. तापेल तसा ओम कमी होत गेला पाहिजे, मधे कुठे उडी नको. युरोपियन सेंडर ४० अंशाला साधारण २९० ओम दाखवतो आणि १२० अंशाला बावीस-तेवीसवर येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्या पातेल्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. उकळलं म्हणजे १०० झालं असं धरून सेंडरला दोष देऊ नका.

आरपीएमचा काटा

ओबीएमच्या आरपीएम गेजला चार्जिंग कॉइलकडून ठोके मिळतात. बऱ्याच ओबीएममध्ये चुंबकाचे १२ पोल असतात, म्हणजे एका फेऱ्याला ६ ठोके. गेजच्या मागे पेचकसाने फिरणारा छोटा सिलेक्टर असतो आणि कन्सोल पुसताना तो सरकतो. इंजिन ६ ठोके देतंय आणि सिलेक्टर ४ वर असेल तर काटा दीडपट दाखवणार, ७५० च्या जागी ११२५. म्हणून चुकलेला आकडा किती पट आहे हे आधी काढा, उत्तर त्यातच मिळतं. एक गोंधळ टाळा: काही गेजवर पोल छापलेले असतात, काहींवर ठोके, तेव्हा १२ आणि ६ हे एकाच सेटिंगचं नाव असू शकतं. चावी बंद करून सिलेक्टर दहा-बारा वेळा पुढेमागे फिरवा, आतला कळंक निघतो, आणि मग जागेवर ठेवा.

डिझेलमध्ये ठोके आल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' खुंटीवरून येतात. सर्व्हिसिंगमध्ये पट्टा बदलला आणि तो ढिला राहिला तर काटा कमी दाखवतो, कारण पट्टाच घसरतोय. आल्टरनेटर बदलला आणि नव्याची पुली ७० ऐवजी ६३ मिलिमीटरची असेल, तर आकडा सुमारे ११ टक्के जास्त येणार. ते गेजच्या मागच्या ॲडजस्टमेंटने, पुलीवर पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने मोजून जुळवून घ्यायचं. इंजिन सुरू केल्यावर काटा शून्यावरच असेल तर एकदा १५०० पर्यंत रेस करून बघा. बरेच आल्टरनेटर तेवढं फिरल्याशिवाय वीज बनवायला लागत नाहीत. तरीही शून्य, आणि व्होल्टमीटर १३.८ ते १४.४ च्या ऐवजी १२ च्या आसपास, तर बिघाड आरपीएमच्या काट्यात नाही. बॅटरी चार्जच होत नाहीये.

बाकीचे

ओबीएमचा वेग दाखवणारा काटा इंपेलर बदलल्यानंतर मेला, तर जवळजवळ नक्कीच गिअरकेस बसवताना त्याची बारीक प्लास्टिक नळी जोडायची राहिली. गिअरकेसच्या पुढच्या धारेवर एक छिद्र असतं, पाण्याचा दाब तिथून नळीने थेट गेजपर्यंत जातो. नळी जोडलेली असेल तर छिद्रात गाळ आहे, बारीक तार फिरवा. नळी गेजकडून काढूनच हवा मारा, नाहीतर गेज फुटेल.

नव्या बोटींत सगळे गेज एका डिजिटल केबलवर असतात. तिथं वरचं काहीच लागू नाही. बॅटरी तोडून दोन डेटा वायरींमध्ये ओम मोजा, ६० आला पाहिजे. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावलेला रोध) सुटलाय, बहुधा जिथं काल हात घातला होता तिथंच.

पाण्यात उतरवण्याआधी

दुरुस्तीनंतर शेडमध्ये काटा बरोबर आला म्हणून काम संपत नाही. बोट पाण्यात उतरवा, लाइफ जॅकेट घाला, काठाजवळच वीस-पंचवीस मिनिटं भार देऊन चालवा. इंजिन थरथरायला लागलं की ढिला थिंबल आपोआप बोलतो. चालू असतानाच दिवे, पंप, हॉर्न एकेक लावून काटे हलतात का बघा. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हळूच हलवा.

आणि मग आकडे लिहून ठेवा. त्या लाँचच्या कन्सोलच्या झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे, वरून पारदर्शक टेप लावून. थंड इंजिन सुरू केल्यावर किती सेकंदांत काटा उठतो, गरम झाल्यावर संथ चालीला ऑइल किती, २००० आरपीएमला किती, पाणी किती अंशावर ठरतं, व्होल्ट किती. शेजारी गेज कुठल्या घराण्याचं आणि सेंडर सुटा असताना किती ओम. दर मे महिन्यात मालक सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू करून त्याखाली नवी ओळ लिहितो, आणि सर्व्हिसिंगनंतर आणखी एक. यंदा दोन्ही ओळींत ऑइलचा आकडा एकच आला, तापमान दोन अंशांनी खाली.